उभ्या बाईचे सात रुपये

१२ डिसेंबर १९७९, अल्लीपूर
तान्ही चिमी काल रात्रभर रडली, आज दिवसभर गाढ झोप. बापावर गेली आहे. ह्यांची कावीळ उतरायला लागली. मन्या सांगत आला, वर्ध्याच्या दवाखान्यात डबा देऊन आला होता. माझा भाऊ गुणाचा, पण तोंडाला कुलूप. त्याच्या पोटातलं काढायचं तर आबांची पक्कड लागेल.

आबांच्या सोनारकामाच्या दुकानात जत्रा. चांदीचा भाव चढतोच आहे, म्हणून सगळी पंचक्रोशी उतरंडीतले, जमिनीतले जुने रुपये काढून आबांकडे येते. खरं का खोटं ते आबांनी सांगायचं. आबांना तेजाब लागत नाही, कानस लागत नाही. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, दुसऱ्या नाण्याने हलकी टिचकी, डोळे मिटून ऐकायचं. "खरं नाणं बोलून झाल्यावरई गुणगुणते. खोटं बोलते अन् चूप बसते." लहानपणी ती गुणगुण संपेपर्यंत मी आणि मन्या श्वास धरून बसायचो. मीच आधी सोडायची.

१९ डिसेंबर
आज आबांनी आलेले जवळजवळ सगळेच रुपये परत लावले. गिलट म्हणाले. एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसून रडली, तिच्या सासूचे होते. मन्या हळूच म्हणाला, "आबा, एक डाव अजून वाजवून पाहा ना."

"तू मले शिकवतं का बे? दुनियाच खोटी झाली, तं रुपये कुठून खरे राह्यतीन!"

जेवताना म्हणाले, "यंदा चिमण्या कुठी गेल्या? अंगणात एक नाई." मी पाहिलं तर वळचणीला नुसता चिवचिवाट. डोळे अधू झाले म्हाताऱ्याचे. हिंगणघाटला नेऊन चष्मा करायला हवा.

३ जानेवारी १९८०
मन्याचं ठरलं! देवळीची मुलगी, शालिनी. मॅट्रिक झालेली, हसरी. मन्याला विचारलं, आवडली का? म्हणे, "आबा म्हणतीन ते." म्हटलं, आबांना नाही करायचं लग्न. कानापर्यंत लाल झाला.

म्हणजे आता उभ्या बाईचे सात रुपये निघणार. आईच्या ओटीत पडले होते त्यानंतर आत्ताच. कामठीच्या छावणीतला एक शिपाई चीनकडे जाऊन आला होता, त्याच्याकडून आजोबांनी घेतलेले. तिकडच्या व्यापाराचं नाणं, पण पाडलेलं आपल्या मुंबईच्या टांकसाळीत. राणीछाप रुपयाच्या दुपटीहून जड. एका अंगाला त्रिशूळ घेऊन उभी असलेली बाई, मागे जहाज. कोणी गोऱ्यांची देवी असेल, पण आईला ती भवानीच. दर नवरात्रात हळदकुंकू. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक इंग्रजी बी आहे, ती मुंबईची खूण. मागच्या अंगाला चिनी अक्षरं, तिला आई देवीची रांगोळी म्हणायची. आणि एका नाण्यावर फुलासारखा बारीक ठोका. तिकडच्या कुण्या सावकाराने पारखून मारलेला. तो माझा लाडका.

मन्या शाळेत असताना त्याने शिशाची उभी बाई ओतली होती, थेट फुलाच्या ठोक्यासकट. आबांनी आधी पाठ थोपटली, मग त्याच पाठीत बुक्का घातला.

आई गेल्यापासून त्या रुपयांच्या पेटीची किल्ली माहेरी आले की माझ्याकडे. बाळंतपणाला आले तेव्हापासून कमरेलाच आहे.

२० जानेवारी
कसं लिहू.

साखरपुडा होता. ओसरीवर देवळीचे पाहुणे, गावातले जाणते, सगळे. घराची रीत अशी की सून येणार तर पाहुण्यांसमोर सातही रुपये आबांनी वाजवायचे आणि मग तिच्या ओटीत घालायचे. उभ्या बाईला कानस लावायची नाही, तेजाब लावायचं नाही. देवीच्या अंगाला कोण ओरखडा काढतो? फक्त आवाज.

आबांनी पहिला वाजवला. डोळे मिटले. पुन्हा वाजवला. मग दुसरा. तिसरा त्यांनी कानाशी नेऊन वाजवला. सातवा झाल्यावर सगळे लाल फडक्यावर ठेवले आणि म्हणाले, "खोटे. सातई खोटे."

मला तर ते वाजल्यासारखे वाटले होते. पण आबा खोटं म्हणाले, मग माझ्या कानांना कोण विचारतो? साऱ्या जिल्ह्याने ज्यांच्या कानावर भरवसा ठेवला ते आबा. शालिनी तेवढी खालमानेनं पुटपुटली, "मले तं चांगले वाजले वाटते." तिच्या मामाने तिला दटावलं.

आबा उभे राहिले, पाहुण्यांना हात जोडले. "आपलंच नाणं खोटं निंघालं, तुमाले काय दोष द्यू."

बघत होते मन्याकडे. पाहुणे न जेवता उठले. श्रीखंडाचं पातेलं तसंच आहे.

२१ जानेवारी
आबांनी सकाळी तराजू काढला. वजन बरोबर, गुंजेचाही फरक नाही. मला जरा धीर आला. म्हटलं, आबा, वजन बरोबर आहे ना?

"वजन कोनीई जुळवते. आवाज नाई जुळवता येत." फुलाचा ठोकाही जागच्या जागी होता. त्यावर म्हणाले, "साच्यात ओतलं का डागई येते. घरच्या मानसाशिवाय एवढं नेमकं कोन करीन?" म्हणजे जे जे बरोबर निघालं ते ते मन्याच्याच गळ्यात पडलं. शिशाच्या बाईची आठवण आबांनाही आली असणार, मला तर आलीच.

"किल्ली तं विमलच्या कमरेले व्हती," आबा म्हणाले.

मन्या कोपऱ्यात उभा होता. एकदम म्हणाला, "मी घेतलती. ताई निजली व्हती तवा."

बस. एवढंच. आबांनी हात उचलला आणि खाली घेतला. मी ओरडले, माझ्या कमरेवरून? बाळंतिणीच्या? काऊन केलं तू असं? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तू काई बोलू नको." इतक्या शांतपणे की मला त्याचा राग आला. अजून आहे.

२२ जानेवारी
मन्या घरात नाही. सायकल आहे, चपला नाहीत. कामाची हत्यारं सगळी जागेवर पुसून ठेवलेली.

२६ जानेवारी
स्टँडवर कोणी पाहिला नाही. हिंगणघाटला आत्याकडे नाही. आबा विचारत नाहीत. मीही सांगत नाही.

१० फेब्रुवारी, पुलगाव
हे न्यायला आले. चिमीला घेऊन आपल्या घरी. निघताना आबांनी लाल फडकं माझ्या पिशवीत कोंबलं. "हे घरात नको. फेकजो, नाईतर पोरीले खेळाले देजो." मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. फेकवत नाही. आईने कुंकू लावलेली बाई नाही, नुसती तिची नक्कल आहे हे कळतं, तरी नाही फेकवत.

२४ ऑगस्ट
राखी परवावर आली. बाजारात गेले, घेतली. कोणाला पाठवू? तरी घेतली.

३ नोव्हेंबर
पत्र नाही.

१९ मार्च १९८१
अल्लीपूरला जाऊन आले. आबांनी दुकान बंद केलं. म्हणतात, "परखाले खरं काई उरलंच नाई." गावात मन्याचं नावच पडलंय, काय पडलंय ते लिहीत नाही. चिमीला पाहून एका बाईने विचारलं, मामाने काय दिलं गं भाचीला? आणि हसली. तिथल्या तिथे तोंडावर बोलले तिला. घरी येऊन रडले. कारण ती म्हणाली ते मीही मनात म्हणतच होते. खरी नाणी विकून गेला कुठे? आणि गेला तर गेला, एक कार्ड टाकायला काय झालं? असा कसा रे तू मन्या. तुला मी कडेवर घेऊन मोठा केला.

७ डिसेंबर
वर्ध्याच्या स्टँडवर शालिनी भेटली. कडेवर मूल, गळ्यात काळी पोत. चांगलं घर मिळालं म्हणते. बस सुटताना माझा हात धरून म्हणाली, "ताई, रागावजो नका, पन ते रुपये वाजत व्हते. मी अजून ऐकतो कधी कधी." मी म्हटलं, बाई, सोनाराच्या घरची पारख तुला काय कळणार. जरा तोऱ्यातच म्हटलं. घरी येईपर्यंत तिचं बोलणं कानात होतं. चिडचीड झाली. ह्यांच्यावर काढली.

२१ जून १९८२
हे पुन्हा एकदा नागपूरला जाऊन सराफ्यात विचारून आले. मनोहर नावाचा कारागीर कोणाकडे नाही. ह्यांनी कधी तोंडातून काढलं नाही की तुझा भाऊ असा, तुझा भाऊ तसा. रेल्वेची नोकरी सांभाळून सुट्टी मन्याला शोधण्यात घालवतात.

१७ नोव्हेंबर, अल्लीपूर
भाऊबीज. ओवाळायला कोणी नव्हतं म्हणून ताट केलंच नाही. चंद्राला ओवाळ म्हणाले आबा. चंद्राचं मी काय करू?

१८ नोव्हेंबर
सकाळपासून वही उघडून मिटते आहे. तरी लिहिते.

आबांनी चिमीसाठी पैंजण केले होते. दुकान बंद, पण नातीसाठी हत्यारं बाहेर काढली. एकेक घुंगरू स्वतः फुंकणीवर जोडलेलं. सकाळी मी ते तिच्या पायात घातले आणि पोरगी अंगणभर सुसाट. छुमछुम छुमछुम, शेजारच्या बायासुद्धा दारात आल्या. आबा खाटेवर बसून बघत होते. मग म्हणाले, "घुंगरं मुके झाले वाटते. दाने टाकाचे राह्यले का माह्याकडून?"

मला आधी थट्टा वाटली. म्हटलं, आबा, गाव गोळा केलंय पोरीने.

"कुठी वाजते? मले तं नाई येत."

माझं बोलणं मात्र आबांना ऐकू येत होतं. बैलाची घंटा येत होती. बस आली तेव्हा मला म्हणाले, आली पहा. नुसता बारीक आवाज येत नव्हता त्यांना. चिमणी नव्हती, घुंगरू नव्हतं. आणि नाणं बोलून झाल्यावर जे गुणगुणतं ते

पुढे लिहवत नाही.

२० नोव्हेंबर
चिमण्या! तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं त्यांनी. आणि मी चष्मा करायला निघाले होते.

२९ नोव्हेंबर, पुलगाव
वर्ध्याला गेले, सराफाकडे. आबांना ओळखणारा नको म्हणून नवीन दुकान पाहून गेले. सातही रुपये काढून ठेवले. उभ्या बाईची मनात माफी मागितली आणि म्हटलं, काठाला घासा, तेजाब लावा, काय करायचं ते करा.

त्याने कसोटीवर घासले. थेंब टाकला. थांबला. पुन्हा दुसऱ्याला. मग भिंगातून त्रिशूळ पाहिला, कडेचे कंगोरे पाहिले. म्हणाला, "बाई, अस्सल चांदी आहे, अस्सल टांकसाळीची. सातही. खोटे कोणी सांगितले तुम्हाला?"

फडकं गुंडाळलं आणि स्टेशनवर येऊन बसले. पुलगावची गाडी आली, गेली. पुढच्या गाडीने आले.

कोणी काही बदललंच नव्हतं. मग मन्या "मी घेतलती" का म्हणाला?

१२ जानेवारी १९८३
ह्यांना एका ट्रकवाल्याकडून कळलं, कारंज्याच्या हायवेवर एका ढाब्यात अल्लीपूरकडचा एक मुलगा होता, स्टोव्हपासून चेनपर्यंत काहीही झाळून, जोडून द्यायचा. हे उद्या जातात. मी देवापुढे बसले आहे. देवापुढे म्हणजे उभ्या बाईपुढेच.

१३ जानेवारी
हे रिकाम्या हाताने आले. मन्याच होता. गेल्या पावसाळ्यात एका ट्रकबरोबर रायपूरकडे गेला, परत नाही आला. ढाबेवाला भला माणूस. ह्यांना जेवू घातलं. मन्याने त्याला एकदाच घरचं सांगितलं होतं. हे शब्द ह्यांनी चार वेळा सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात शिरले.

"बहिणीवर वखत आलता. जावई दवाखान्यात, पोर दोन महिन्याचं. चांदी चढून राह्यली. किल्ली तिच्याजवळ. तिनं घेतले असतीन, तं तिच्या मायचेच व्हते. पन आबानं तिले घराबाहेर काढलं असतं, सासरीई तोंड राह्यलं नसतं. मी पुरुष मानूस, कुठीई भाकर खाईन."

म्हणजे त्याला वाटलं मी.

त्यालाही आबांचेच कान खरे. मलाही आबांचेच कान खरे. मी त्याला चोर म्हटलं, त्याने मला चोर समजून माझी चोरी अंगावर घेतली. ताई, तू काई बोलू नको. मी पुन्हा पुन्हा तेच ऐकते आहे. सबंध तीन वर्षं मी त्या पोराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि तो तिकडे स्टोव्ह झाळत माझी अब्रू राखत बसला. विचारायचं होतंस रे एकदा! बहीण होते ना मी. एकदा कोपऱ्यात घेऊन विचारलं असतंस, ताई, तू का? तर मी तुझ्या एक थोबाडीत दिली असती आणि सगळं तिथेच मिटलं असतं.

पण मी तरी कुठे विचारलं.

२ फेब्रुवारी
आबांना सांगायचं की नाही? हे म्हणतात, थकलेला माणूस, कशाला. नाही सांगितलं तर मन्या चोर राहतो. सांगितलं तर आबांचं काय राहतं? कान हीच त्यांची इस्टेट.

ह्यांनी कारंज्याच्या प्रत्येक ढाब्यावर, रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांकडे एकच निरोप ठेवलाय: नाणी खरी निघाली, कोणीच घेतली नव्हती, ताई वाट बघते.

२० फेब्रुवारी, अल्लीपूर
सांगितलं.

बोलून नाही जमलं. चिमीचा पैंजण काढला, आबांच्या कानाशी धरून हलवला. त्यांनी मान हलवली, नाही. मग त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, उघडा एक घुंगरू. चिमट्याने फाक केली. आतून दाणा तळहातावर पडला. आबा त्या दाण्याकडे बघत राहिले. कारागीर माणूस, त्यांना आणखी सांगावं लागलं नाही. मी लाल फडकं पुढे ठेवलं आणि वर्ध्याच्या सराफाचं सांगितलं.

एका नाण्याला टिचकी मारली त्यांनी. डोळे मिटले. मला स्वच्छ ऐकू येत होतं, लांबपर्यंत. आबांनी विचारलं, "गुणगुणते का, विमल?"

हो म्हटलं.

"अजूनई?"

अजून, आबा.

मग विचारलं, "तं पोट्टा काऊन म्हनला का मी घेतलती?" तेही सांगितलं. आधी ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. बाप आहे, विचारलं तर काय करू. आबा भिंतीकडे तोंड करून बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं, आणि त्यांचं बारीक मुसमुसणं त्यांनाच ऐकू येत नसेल असं मनात आलं, तेव्हा मीही.

२१ फेब्रुवारी
आबांनी गावातल्या त्याच जाणत्या लोकांना बोलावलं. त्याच ओसरीवर. कोणाला वाटलं दुकान पुन्हा उघडतात. आबा उभे राहिले. सगळ्यांसमोर मला सात रुपये वाजवायला लावले, एकेक. सगळ्यांनी ऐकले. आबांनी नाही. मग हात जोडून म्हणाले, "नाणे खरे हाय. माह्ये कान खोटे. माह्या पोराले कोनी चोर म्हनजो नका. चोर मी हावो, त्याच्या जिंदगीचा."

ती मामा-भाचीची चेष्टा करणारी बाई पदर तोंडाला लावून बसली होती. पायरीवर रडलेली म्हातारी मात्र आता या जगात नाही, तिचा मुलगा आला होता. आबा त्याच्याही पाया पडायला गेले, त्याने धरलं त्यांना.

९ एप्रिल, पुलगाव
रायपूरकडचा एक ट्रकवाला ह्यांना भेटला. म्हणे, निरोप एका झाळणाऱ्या मुलाला सांगितला, तो मन्याच का ते माहीत नाही. ऐकून तो काही बोलला नाही, भट्टीकडे वळला. म्हणजे मन्याच असणार. न बोलणारा.

की दुसरा कोणी.

२४ ऑगस्ट १९८३, अल्लीपूर
राख्या चार जमल्या, एक सुरकुतली. चारही आणल्या.

मन्या नाही. निरोपालाही उत्तर नाही. रुपये मी आबांकडे परत दिले, आईच्या जागी देव्हाऱ्यात आहेत. आबा त्यांना हात लावत नाहीत.

दुपारी त्यांनी जवळ बोलावलं. "विमल, तो आला अन् कडी वाजवली, तं मले आइकू येईन का?" त्याची हाक येईल ऐकू, आबा, मी म्हटलं. "तो कुठी हाक मारते? तो चूपच उभा राह्यते."

खरंय. तो तसाच उभा राहायचा, कोणीतरी बघेपर्यंत.

तेव्हापासून आबांनी खाट ओसरीवरून उचलून थेट उंबऱ्याशी टाकली आहे, दाराकडे तोंड करून. दार उघडंच. कुत्री येतात, शेजारची कोंबडी घरात शिरते, मी हाकलते. दार लावू देत नाहीत.